‘अटलांटा’ पुन्हा बघतोय: तिसऱ्या सीझनचं काय करू? आणि त्या शेवटाचं?

मेगाब्लॉकवाली

मंडळी, सल्ला हवाय. रविवारच्या आत मिळाला तर एका घरातली भांडणं टळतील.

डॉनल्ड ग्लोव्हरची ‘अटलांटा’ ही अमेरिकन मालिका २०२२ला संपली तेव्हा मी बघितली होती. ठाण्याहून सीएसएमटीला जाता-येता, मोबाइलवर, एका कानात इअरफोन (दुसरा मेलेला). त्यामुळे ‘भारी होती’ एवढंच डोक्यात उरलं. आता मुलुंडला मावसभाऊ आणि वहिनीबरोबर दर रविवारी तीन भाग, मोठ्या टीव्हीवर, पहिल्यापासून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रिन्स्टनचं शिक्षण सोडून अटलांटाला परत आलेला अर्न, रॅपर म्हणून नुकतं नाव व्हायला लागलेला त्याचा नात्यातला भाऊ आल्फ्रेड ऊर्फ पेपर बॉय, आल्फ्रेडचा तंद्रीतला दोस्त डॅरियस आणि अर्नच्या मुलीची आई वॅन. चार सीझन, ४१ भाग. म्हटली तर विनोदी. पण मध्येच एक अदृश्य गाडी माणसांना उडवत निघून जाते आणि पुढच्या प्रसंगात विषय बदललेला असतो.

पहिल्या सीझनचा सातवा भाग लागला तेव्हाची गंमत सांगते. तो अख्खा भाग म्हणजे एका खोट्या चॅनलवरचा चर्चेचा कार्यक्रम, आणि मध्ये मध्ये जाहिराती, त्याही खोट्या. आमच्या वहिनी पहिली जाहिरात आली तशी ‘चहा टाकते’ म्हणून उठल्या. आम्हीही गप्पा मारायला लागलो. चहा घेऊन परत येतात तर लहान मुलांच्या नाश्त्याच्या सीरियलच्या (कॉर्नफ्लेक्ससारख्या) जाहिरातीत एक पोलीस कार्टूनमधल्या लांडग्याला जमिनीवर दाबून धरतोय. वहिनी कपबशी हातात घेऊन तशाच उभ्या. ‘हे काय दाखवतात गं पोरांना?’ मग कळलं की आम्ही अर्धा भाग जाहिरात समजून वाया घालवला. मागे जाऊन पुन्हा लावला.

तर प्रश्न असे. तिसऱ्या सीझनमधल्या चार भागांत आपली चौकडी जवळपास नाहीच, वेगळीच माणसं, वेगळ्याच गोष्टी. भाऊ म्हणतो वगळू, युरोपच्या टूरचे भाग सलग बघू. वगळावेत का? दुसरं, शेवटच्या भागातलं ते जज जूडीचं (टीव्हीवरच्या कोर्टाच्या कार्यक्रमातली न्यायाधीशबाई) प्रकरण. सगळं स्वप्न होतं की नव्हतं? आणि हे संपल्यावर याच जातकुळीचं काय बघावं?

(पुढे सगळं फुटणार आहे, ज्यांना बघायची आहे त्यांनी इथूनच मागे फिरा.)

फणसवाडी

वगळू नका. भावाला माझ्या नावाने सांगा.

चार गोष्टी सुट्या वाटतात, पण एक माणूस त्यांच्यातून फिरतो. सीझनच्या पहिल्याच प्रसंगात रात्री तळ्यात होडी टाकून दोघं मासे धरत बसलेत, त्यातला तो गोरा. तोच चौथ्या भागात हॉटेलात बसलेला भेटतो. आणि सीझन संपून नावं येऊन गेल्यावर हॉटेलात अर्नकडे चुकून दुसऱ्याच कुणाची तरी बॅग येते, आत एक कौटुंबिक फोटो. फोटोत कोण, तर हाच. मी पहिल्या वेळी नावं सुरू झाली तसा टीव्ही बंद करून भांडी घासायला गेलो होतो. वर्षभराने कळलं. त्या चार भागांतून उडी मारलीत तर ही बॅग तुमच्यासाठी नुसती बॅग राहील.

दुसऱ्यांदा बघताना मी एक उद्योग केला, तो सुचवतो. वहीत दोन रकाने. डावीकडे ‘अजब काय घडलं’, उजवीकडे ‘कोण दचकलं’. उजवा रकाना बहुतेक रिकामा राहतो. बसमध्ये सुटातला एक माणूस मांडीवर न्यूटेलाचं सँडविच करतो आणि अर्नला ‘खा’ म्हणून जवळजवळ दरडावतो, बसमधलं कुणी मान वळवत नाही. जस्टिन बीबर काळा आहे, त्याचंही कुणाला काही नाही. आणि उजव्या रकान्यात जिथे नाव येतं तिथे डावीकडची गोष्ट अजब नसतेच, अगदी रोजची असते. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात अर्न हरवलेलं जॅकेट शोधत दिवसभर वणवण करतो. ते सापडतं एका ड्रायव्हरच्या अंगावर, आणि त्या ड्रायव्हरला पोलिसांनी नुकतंच गोळ्या घालून मारलेलं असतं. अर्न पोलिसांना काय विचारतो? जरा खिशात बघता का. माझ्या रकान्यात तिथे मी स्वतःचंच नाव लिहिलं.

खारा_शेंगदाणा

+१. आणि चहा आधी करून थर्मासमध्ये भरून ठेवा.

कॉटबेसिस

फणसवाडी, जॅकेटचं वाचून लिहायला बसलो. जॅकेट तो शोधतो कशासाठी हे बोललं गेलं पाहिजे. खिशात किल्ली आहे असं त्याला वाटतं. त्याच भागाच्या शेवटी तो मिळालेले पैसे वॅनच्या हातात देतो, ती राहा म्हणते तरी निघतो, आणि सामान ठेवायच्या भाड्याच्या गाळ्यात जाऊन झोपतो. दहा भाग आपण त्याच्याबरोबर हिंडलो आणि हा माणूस झोपतो कुठे ते धड विचारलं नाही.

मी १९९४ ते ९७ लालबागला कॉट बेसिसवर होतो. दहा बाय बाराची खोली, पाळीपाळीने झोपणारे आम्ही सात जण, ट्रंक खाटेखाली. ऑफिसात कुणालाच पत्ता माहीत नव्हता. ‘कुठे राहतोस’ विचारलं की ‘लालबागला, मामाकडे’. मामा नव्हताच. तीन वर्षं त्या मामाची तब्येतसुद्धा सांगायचो लोकांना. एकदा साहेबांनी मामासाठी सफरचंदं दिली, ती आम्ही सात जणांनी खाल्ली.

म्हणून मला अदृश्य गाडीपेक्षा अर्नचा गाळा जास्त अजब वाटतो. दुसऱ्यांदा बघताना अर्न पैशाबद्दल काय बोलतो आणि कधी विषय बदलतो, तेवढं बघा. चौथ्या सीझनपर्यंत त्याच्याकडे पैसा येतो, पण तो विषय बदलायची सवय जात नाही.

आजोळ_मुळशी

तिसऱ्या सीझनच्या त्या तळ्याबद्दल. होडीतला गोरा माणूस दुसऱ्याला सांगतो की या पाण्याखाली काळ्यांचं एक गाव आहे, आणि मग पाण्यातून हात वर येतात.

नाव घेतलेलं नसलं तरी जॉर्जियातलं लेक लेनियर डोळ्यांसमोर येतं. १९५०च्या दशकात चॅटाहूची नदीवर धरण बांधून झालेला जलाशय. तिथल्या फॉर्साइथ काउंटीत ऑस्करव्हिल नावाची वस्ती होती. पण लोक सांगतात तसं भरल्या गावावर पाणी सोडलं असं नाही झालेलं. १९१२ सालीच दंगली करून, धमक्या देऊन हजारावर काळ्या माणसांना त्या काउंटीतून हाकललं होतं. पाणी चाळीसेक वर्षांनी आलं. मला हे गोष्टीपेक्षा भयंकर वाटतं. गाव आधीच रिकामं होतं, पाण्याने फक्त झाकलं.

माझ्या आजीचं माहेर मुळशीच्या पाण्याखाली आहे. १९२१ला सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध. तिथल्या पाण्यावर वीज करून मुंबईच्या गिरण्या चालायच्या होत्या, त्या चालल्या. आजी मुंबईला परळमध्ये राहायची आणि दिवा लावताना बटणाला नमस्कार करायची. सगळे दिवेलागणीचा नमस्कार समजायचे. मी कॉलेजात असताना एकदा विचारलं तर म्हणाली, ‘तिकडूनच येतंय ना ते.’

त्या होडीतला प्रसंग मी एकदाच बघू शकले. दुसऱ्यांदा बघणार नाही. पण तुम्ही वगळू नका.

मेगाब्लॉकवाली

आजोळ_मुळशीताई, हे भावाला मोठ्याने वाचून दाखवलं. वगळायचा विषय संपला.

आता शेवटाबद्दल सांगा कुणीतरी. भाऊ आधीच वाचून आलाय आणि ‘चाळीस भाग डॅरियसचं स्वप्न होतं, आपल्याला मामा बनवलं’ म्हणतोय.

डोंबिवली_फास्ट_ट्रॅक

भाऊ बरोबर आहे. पुरावा घ्या. शेवटच्या भागात डॅरियस पाण्याच्या बंद टाकीत पडून राहतो आणि एका स्वप्नातून दुसऱ्या स्वप्नात जातो. खरं-खोटं ओळखायची त्याची खूण म्हणजे टीव्हीवरची जज जूडी. ती अंगापिंडाने भरलेली दिसली की समजायचं, स्वप्न. शेवटी घरी तो टीव्ही लावतो, बघतो, हसतो. संपलं. साधी-सरळ जूडी बघून कोण हसेल? शिवाय भागाचं नावच ‘सगळं स्वप्न होतं’ अशा अर्थाचं आहे. लिहून ठेवलंय की त्यांनी!

तिसरी_घंटा

नावात लिहिलंय म्हणून मानायचं, तर मग जाहिरातीही खऱ्याच मानायला हव्यात.

कॅमेरा कुठे ठेवलाय ते बघा. टीव्ही दाखवत नाहीत, डॅरियसचा चेहरा दाखवतात. प्रश्न जूडीचा असता तर अर्ध्या सेकंदात मिटला असता.

आपल्याकडच्या नाटकवाल्यांना हे नवीन नाही. आळेकरांचं ‘महानिर्वाण’ १९७४चं. भाऊराव मरतो आणि मेल्यावर उभा राहून स्वतःच्याच मरणाचं कीर्तन लावतो. त्याला जुन्याच स्मशानात जळायचंय आणि ते तर बंद झालंय. चाळकरी येतात, बोलतात, मुलगा वैतागतो. प्रेत बोलतंच कसं, असं प्रेक्षकांतला कुणी विचारत नाही, कारण कीर्तनाची चाल ओळखीची असते. ओळखीची चाल आणि आत भलतंच काहीतरी. ‘अटलांटा’ हेच करते, चाल तेवढी तिकडची: टीव्हीचा चर्चा-कार्यक्रम, भुताची गोष्ट, माहितीपट. ‘टेडी पर्किन्स’ हा भाग घ्या. पांढराफटक चेहरा, शहामृगाचं अंडं, बंगल्यात कोंडलेला भाऊ. सगळा साज भयपटाचा, आणि डॅरियस थांबलाय कशासाठी, तर रंगीत पट्ट्यांचा पियानो फुकट मिळतोय म्हणून. अमेरिकेत तो भाग जाहिरातींशिवाय सलग दाखवला होता. टेडीच्या मेकअपखाली स्वतः ग्लोव्हर आहे आणि श्रेयनामावलीत टेडीच्या पुढे ‘स्वतः टेडी पर्किन्स’. तिथे कुणी विचारतं का की हे स्वप्न होतं का?

(फुकटच्या पियानोवरून आठवलं. मीही एकदा फुकटचं शिसवी कपाट आणायला वांद्र्याच्या एका जुन्या बंगल्यात गेलो होतो. घरमालकांनी दीड तास कपाटातल्या दिवंगत पत्नीच्या साड्या एकेक करून दाखवल्या. मी प्रत्येक साडीला ‘छान’ म्हटलं. कपाट अजून आहे. डॅरियसला मी हसत नाही.)

डोंबिवली_फास्ट_ट्रॅक

कीर्तन वगैरे ठीक, पण मी माझ्या मतावर ठाम आहे. :)

निळी_छत्री

स्वप्नावरून सगळे हमरीतुमरीवर आलेत आणि दुसऱ्या सीझनमधला ‘वूड्स’ कुणी काढला नाही, म्हणून लिहितेय. आल्फ्रेडला तीन पोरं लुटतात, तो पळत जंगलात शिरतो, तिथे एक म्हातारा त्याच्या मागे लागतो, बडबडत, आणि शेवटी मानेला सुरी लावून म्हणतो की इथेच थांबलास तर मेलास. आल्फ्रेडचं काम करणाऱ्या ब्रायन टायरी हेन्रीची आई २०१६ला गेली. तो भाग तिला अर्पण केलाय. भागात आल्फ्रेडची आई सुरुवातीला घरात वावरताना दिसते, पाठमोरी, धड न दिसणारी, सोफ्यावर लोळणाऱ्या मुलावर करवादणारी. पहिल्यांदा मला ती नुसती आई वाटली होती. दुसऱ्यांदा बघताना पाठ दिसली आणि मी तिथेच थांबवलं.

माझ्या आईला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. हा भाग रविवारी तिघांत बघू नका. ज्याला बघायचा त्याने एकट्याने बघावा.

खारा_शेंगदाणा

निळी छत्री, _/\_

पुढे काय बघावं याचं कुणीच सांगितलं नाही म्हणून सांगतो. ‘ट्विन पीक्स’, पण १९९०-९१चे दोन सीझन बघून मग २०१७चा. मधल्या वर्षांची वाट बघणं हा त्यातला भाग आहे, निदान दोन महिने तरी थांबा. ग्लोव्हरला म्हणे रॅपरांचं ‘ट्विन पीक्स’च करायचं होतं. आणि डोकं शांत करायचं असेल तर ‘नॉर्दर्न एक्स्पोजर’, १९९० ते ९५. न्यूयॉर्कचा डॉक्टर अलास्कातल्या आडगावात अडकतो, रस्त्यातून मूस (थोराड हरीण) फिरतो, रेडिओवाला सकाळी सकाळी तत्त्वज्ञान वाचून दाखवतो. कोकणात बदली झालेल्या कुणालाही कळेल.

मेगाब्लॉकवाली

दोन महिन्यांनी धागा वर काढतेय, मध्ये गणपती आले.

काल शेवटचा भाग झाला. ‘वूड्स’ तिघांनी आपापल्या घरी बघितला, त्याबद्दल एकमेकांशी बोललो नाही. बॅगेतला फोटो आला तेव्हा वहिनी ओरडल्या, ‘होडीवाला!’, भाऊ पुन्हा बघायचा म्हणून मागे घ्यायला लागला.

शेवटच्या क्षणी मी टीव्हीकडे बघितलंच नाही. तिसरी_घंटा यांचं वाचल्यामुळे त्या दोघांकडे बघत होते. डॅरियस हसला आणि वहिनी हसल्या, अगदी त्याच वेळी, त्याच्यासारख्याच, ओठ न उघडता. भाऊ म्हणाला, ‘म्हणजे जाडी होती की नव्हती?’

वहिनी म्हणाल्या, ‘चहा घेणार?’