कोजागरीच्या कार्यक्रमात ओव्या कधी ठेवाव्यात?

वाचनालयवाला, गंगाखेड तालुका

गोदाकाठच्या एका खेड्यात मी ग्रंथपाल आहे. तीन वर्षं झाली, कोजागरीला मारुतीच्या पारापुढं आपल्याच भागातल्या लोकांचं वाचन आणि गाणं ठेवतो. एसटीचे एक वाहक कविता वाचतात, शाळेतल्या मॅडम कथा वाचतात, भजनी मंडळ असतं, गोंधळी संबळ घेऊन येतात.

गेल्या वर्षी आईला ओव्या म्हणायला सांगितलं. ती ७२ वर्षांची. लहानपणी मला जाग यायची ती तिच्या जात्यावरच्या आवाजानं. माईकपुढं उभी राहिली, दोन ओळी म्हणाली आन् अडली. "आठवंना" म्हणून पदर तोंडाला लावून खाली उतरली. सोबतच्या दोघी मग जागच्या उठल्याच नाहीत. पावणेदहा झाले होते. कवितावाचन लांबलेलं, दहाला भोंगा बंद करायचा, म्हणून मीच तिला घाई केली होती. ते वर्षभर खुपतंय.

ज्या मातीत जनाबाई जन्मली तिथं जात्यावरचं गाणं शेवटी उरलेल्या वेळात बसवावं, हे मला पटत नाही. ओव्या कधी ठेवू? साथीला पेटी-तबला द्यावा का? सोयाबीनच्या राशी चालू असतात, बायका दमलेल्या असतात. मग कार्यक्रम त्रिपुरी पौर्णिमेला न्यावा का?

पेटीवाला, सेलू

पेटी देऊ नका. मी वीस वर्षं भजनात पेटी धरतो, म्हणून सांगायलोय. या बायका ओळ संपली की सूर लांबवतात, श्वास पुरेल तितका. तिथं तबल्यानं सम दाखवली की त्या बिचकतात. पट्टी त्यांची त्यांना ठरवू द्या.

बाकी गाण्यांना साथ असेलच, तर तबला उघड्यावर ठेवू नका. कोजागरीच्या दवानं शाई-पुडी ओलावते आन् सूर उतरतो. जाड कापडात गुंडाळून ठेवा, ऐन वेळी काढा. संबळ-हलगीवाले शेकून घेतात, त्यांना शेगडीची सोय करून द्या.

माजलगावची लेक

दादा, आईंना उभं का केलंत? ओवी बसून, हात फिरवत म्हणायची असते. हात थांबला की शब्द थांबतात. माझ्या आजीला नुसतं "म्हण" म्हटलं तर एक ओवी आठवायची नाही, आन् जात्याचा खुंटा हातात आला की तास-तास चालायचं.

पारावर जातं मांडा. खाली बारदानाची चौघडी घाला, नाहीतर घरघर माईकमध्ये घुमते. रिकामं फिरवू नका, दगडावर दगड घासतो. ज्वारीची वैरण, म्हणजे मूठमूठ दाणे, घालत राहायची. दोघी समोरासमोर बसवा, एकीनं म्हणायचं, दुसरीनं उचलायचं. माईक बुटक्या स्टँडवर, बाजूला, तोंडापासून हातभर लांब.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून एक लाखावर ओव्या जमवल्या. आमच्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. खेड्यापाड्यातल्या जगण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. आधी आठ दिवस दुपारच्याला आईंना ऐकवा. दुसरीची ओवी कानावर पडली की आपली आपोआप वर येते.

आणि सुरुवात ओव्यांनीच करा. सातला. सत्कार, शाल, नारळ हे सगळं मागं ढकला, आमच्याकडं त्यातच पाऊण तास जातो.

परळीकर

तारीख हलवू नका. त्रिपुरीपर्यंत ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर गेलेल्या असतात. माझ्या मायनं सगळ्या ओव्या कोयता घेऊन फडात जाणाऱ्या बायकांकडूनच उचलल्या. गाव अर्धं रिकामं असताना ऐकणार कोण आन् म्हणणार कोण? राशीचं म्हणाल तर दमलेल्या बायका सातला येतील, नऊला येणार नाहीत.

कवींना दोन-दोन कविता, तेवढंच. आधीच सांगा, पारावर चढल्यावर नाही.

वाचनालयवाला, गंगाखेड तालुका

सगळ्यांचे आभार. ओव्या सातला, पहिल्या. पेटी नाही. वाहकसाहेबांना दोन कवितांचं सांगितलं, त्यांनी लगेच मान्य केलं.

जातं आमच्याच गोठ्यात निघालं, वर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. खुंटा ढिला झालाय, सुताराकडं दिलाय. जात्याच्या दगडाला टाकी लावायला पाथरवट रविवारी येणार आहे.

काल आईला माजलगावच्या बायकांच्या ओव्या ऐकवल्या. बराच वेळ काही बोलली नाही. मग भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "समोर कोण बसणारंय माझ्या?" शेजारच्या मावशीचं नाव सांगितलं. म्हणाली, "तिला म्हण, जुंधळे आधी वाळवून ठेव. ओले दळत नाहीत."