बाणाईला दोष देण्याआधी

खंडोबाची दुसरी बायको बाणाई हिने पहिल्या बायकोचा, म्हाळसेचा संसार मोडला, असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत. कथेत म्हाळसेशी सारीपाटात हरलेला मल्हारी, म्हणजे खंडोबा, बारा वर्षं चंदनपुरीला म्हातारा गडी होऊन राहतो, मेंढ्या मारतो आणि त्या जिवंत करायच्या बदल्यात बापाकडे बाणाईला मागतो. तिला विचारलं कुणी?

पण ती गरीब गायही नाही. आमच्याकडे सोलापूरजवळच्या बाळे गावच्या खंडोबाचं जागरण घातलं तेव्हा या सवतींचं भांडण मुरळी (खंडोबाची गाणी गाणारी बाई) एकटीच दोघींच्या वतीने गात होती. म्हाळसा बोलताना पदर डोक्यावर, हातातली घाटी (छोटी घंटा) गप्प. बाणाईची पाळी आली की पदर कमरेला खोचलेला, घाटी खणखणतेय. म्हाळसेने मेंढ्यांच्या वासावरून टोचलं, बाणाईनेही उणंदुणं काढलं. समोरच्या बायका दोघींनाही माना डोलवत होत्या.