गुलमोहोराच्या जागी तामण?

सेक्रेटरी: पडलेला गुलमोहोर उचलून झाला. आळं रिकामं आहे. पुन्हा तोच लावायचा की दुसरं काही?

बी-२०४: गुलमोहोर नको. मुळं वरवर पसरतात, मागे फरशा उचलल्या होत्या. लाकूडही ठिसूळ. शिवाय झाड मूळचं मादागास्करचं. तामण लावू या, आपलं राज्यपुष्प!

ए-१०१: जांभळं ना? माझ्या माहेरी ओढ्याकाठी होतं.

बी-२०४: तेच, काकू. चुरगळलेल्या, इस्त्री न केलेल्या सहा पाकळ्या आणि मधे पिवळ्या केसरांचा झुपका. महाराष्ट्र दिनाच्या सुमारास ऐन भरात असतं.

सी-३०२: दिसायला ठीक, पण उपयोग काय? आंबा लावा, फळं तरी मिळतील.

बी-२०४: आणि कैऱ्या कोणाच्या यावरून दरवर्षी मीटिंग! तामणाचं लाकूड टणक, पाण्यात टिकणारं. होड्यांना, गाड्यांना वापरायचे. आपण काही होडी बांधणार नाही म्हणा.

सी-३०२: पानांनी शुगर उतरते असा फॉरवर्ड आला होता.

डी-१०३: फिलिपिन्समध्ये या झाडाला बनाबा म्हणतात, पानांचा चहा करतात. पानांत कोरोसोलिक आम्ल असतं, त्यावर अभ्यासही झालेत. पण काका, तुमच्या गोळ्या चालू आहेत. वरून काढा घेतलात तर साखर नको तितकी उतरेल. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक पान तोडू नका.

सी-३०२: बरं बाई.

सेक्रेटरी: मग रविवारी नर्सरीतून तामण आणतो.

बी-२०४: थांबा, मीही येतो. तामण म्हणून भलतंच गळ्यात मारतात. एकाच तुऱ्यात जांभळट-गुलाबी आणि पांढरी पडलेली फुलं दिसली तर ते आपलं तामण नव्हे, आग्नेय आशियातलं त्याचं भावंड. तेही देखणंच, पण राज्यपुष्प म्हणून पाटी लावायची आणि झाड दुसरंच, असं नको.

ए-१०१: पानगळ होते का रे? माझ्या खिडकीखाली आहे ते आळं.

बी-२०४: होते, थंडीत. गळण्याआधी पानं तांबडी होतात, ते बघण्यासारखं असतं. झाडायचं मात्र आहेच.

डी-१०३: ओढ्याकाठचं झाड म्हणजे पाणी लागणार. पहिले दोन-तीन उन्हाळे कोण घालेल?

सेक्रेटरी: कोण घालेल?

सेक्रेटरी: ४१ जणांनी मेसेज वाचलाय. कोणीतरी बोला.

ए-१०१: मी घालीन. पण नळाची पाइप माझ्या बाजूला राहील, आणि गाड्या धुवायला कोणी मागायची नाही.