महिला ग्रामसभेतला ठराव मोठ्या ग्रामसभेत पोचतच नाही, काय करावं?

पाड्यावरची: सुरगाणा तालुक्यातून लिहितेय. यंदा पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झाले. ग्रामसभा असते तेव्हा, २६ जानेवारीला, आमच्या निम्म्या बाया दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या मजुरीवर, १५ ऑगस्टला निंदणी. तरी मागच्या महिला ग्रामसभेत विहिरीचा गाळ काढून कठडा बांधायचं ठरलं. सह्या-अंगठे आधीच घेतलेले, वरचं पान कोरं! मोठ्या सभेत विहिरीचं नाव नाही, पेसाच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) पैशातून पेव्हर ब्लॉक मंजूर. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "ताई, तुमचं तोंडी होतं." सरपंचबाई गप्प. त्यांचे मालक मात्र भरपूर बोलले.

जव्हारवाला: बीडीओंकडे (गटविकास अधिकारी) लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पेव्हर ब्लॉक म्हणजे आमच्याकडेही राष्ट्रीय पीक आहे.

माजी सदस्य, पेठ: अर्ज द्याच, पण खरी मेख ठरावाच्या वहीत आहे. ठराव लिहून, मोठ्यानं वाचून झाल्याशिवाय एकीनंही सही करायची नाही. सूचक-अनुमोदक म्हणून दोन बायांची नावं घाला. शेवटच्या ओळीखाली लगेच सह्या, मध्ये जागा सोडायची नाही, आणि तिथंच मोबाईलवर फोटो. दुसऱ्या दिवशी मोठ्या सभेत तो ठराव विषय म्हणून वाचायला लावा. आम्ही दारूच्या दुकानाचा विषय असाच लावून धरला. नुसतं "बायांचं म्हणणं आहे" म्हटलं की भाऊसाहेब मान हलवतात आणि चहा मागवतात.

आणि पेसाचा ५ टक्के अबंध निधी कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते, सरपंचांचे मालक नव्हे.

वनहक्कवाली: पाडा मोठ्या गावात दबत असेल तर पेसाखाली वेगळं गाव घोषित करून घ्या. पाड्यावरच्या मतदारांचा ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे प्रस्ताव द्यायचा. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ चे आहेत, त्यात तरतूद आहे. मग सभा तुमच्या पाड्यावर, तुमच्या वेळेला.

पाड्यावरची: वेगळ्या गावाला म्हातारे लगेच तयार होतील, माझे सासरे सोडून, ते सरपंचांच्या मालकांचे मामा लागतात. आधी वहीचं बघते. २ ऑक्टोबरच्या सभेआधी आमची सभा संध्याकाळी, बाया रानातून आल्यावर ठेवा असा अर्ज आज लिहिला. वेळ बदलायला भाऊसाहेब नाही म्हणू शकतात का?

माजी सदस्य, पेठ: म्हणतील. नकार लेखी मागा.