‘जंगल म्हणजे मुंबईची फुप्फुसं’ हे पालुपद पुरे झालं

भांडुपचा_बंडू

सोसायटीच्या ग्रुपवर काल पुन्हा तेच: ‘आरेचं जंगल आणि बोरिवलीचं नॅशनल पार्क नसतं तर मुंबई गुदमरून मेली असती.’ मला झाडांचा वैरी ठरवण्याआधी सांगतो, २०१९च्या ऑक्टोबरात मी आरेत होतो. मेट्रो कारशेडसाठीच्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने फेटाळल्यावर रातोरात करवती चालल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं आडवी झाली होती. ते चूकच होतं.

पण हवेचा मुद्दा मला पटत नाही. अमेरिकेतल्या झाडांचा २०१० सालचा हिशोब बघा. वर्षात १ कोटी ७४ लाख टन प्रदूषण हवेतून काढलं म्हणे. ऐकून छाती फुगते. हवा सुधारली किती? सरासरी १ टक्क्याहूनही कमी. पान धरतं ते त्याला येऊन चिकटलेला कण. बाकीची सगळी हवा जंगलाच्या डोक्यावरून निघून जाते.

बरं, आपली हवा बिघडते कधी? थंडीत. वारा पडतो, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर खालीच कोंडतो. नेमका तेव्हाच पार्कातला साग पानं टाकायला लागतो! पावसाळ्यात जंगल गच्च हिरवं असतं, पण तेव्हा धूळ धुवायला पाऊस आणि समुद्राचा वारा असतोच. कचरा साचला की सफाईवाला रजेवर, असला प्रकार.

जंगल वाचवा, शंभर वेळा वाचवा. पण हवेच्या नावावर नको. उद्या कोणी हवा मोजायचा मीटर लावून ‘काही फरक नाही’ म्हणालं की आपली बाजू गेली.

येऊरवाली

ठाण्यात घोडबंदर रोडला या एकदा. रस्त्याकडेच्या सागाच्या पानावर बोटाने नाव लिहिता येतं, इतका थर. मी लिहिलंय. तिथून पार्काच्या ठाण्याकडच्या बाजूला, येऊरच्या जंगलात अर्धा तास आत चालत जा, पान स्वच्छ. ती धूळ झाडाने अडवली नसती तर कुठे गेली असती? माझ्या लेकाच्या छातीत.

भांडुपचा_बंडू

ताई, बोटाला लागते ती जाड धूळ, बहुतेक नाकाघशातच अडकते. छातीत खोल उतरते ती पीएम २.५, केसाच्या तिसाव्या हिश्शाएवढी. ती दिसतही नाही आणि पानावर सहजी बसतही नाही. बसलेली धूळसुद्धा पाऊस नसेल तर पुढच्या झुळकीला परत उडते. आणि आतलं पान स्वच्छ आहे ते तिथे रस्ता नाही म्हणून.

पत्रावळी

वा! धागा बिल्डर लोकांना फॉरवर्ड करू का?

जमाखर्च

बंडूशेठ, आकडे बरोबर, पण हिशोब भलत्याच वहीत मांडलात. जंगल किती धूळ खातं ते सोडा. तिथे जंगल नसतं तर काय असतं? पार्काच्या १०४ चौरस किलोमीटरवर टॉवर, काँक्रीट कालवायचे आरएमसी प्लांट, डंपर, जनरेटर. ‘तिथे रस्ता नाही म्हणून’ हे तुम्हीच लिहिलंत, माझा मुद्दा तोच आहे.

आमच्या गल्लीत तीन वर्षं पुनर्विकास चालू आहे. २०२३च्या ऑक्टोबरात महापालिकेने बांधकामांना उंच पत्रे, हिरवी जाळी, पाण्याचे फवारे सक्तीचे केले. आमच्या साइटवर फवारा सुरू होतो तो तपासणीची गाडी कोपऱ्यावर दिसली की. आईचा श्वासाचा पंप पूर्वी थंडीपुरता लागायचा, आता बारा महिने उशाशी असतो. असल्या साइट जंगलाच्या जागेवर कल्पून बघा.

नेकारकाठी

जर्मनीत स्टुटगार्टला राहतो. शहर खोलगट वाडग्यात, भोवती टेकड्या, त्यांवर जंगल आणि द्राक्षमळे. रात्री उतारावरची थंड हवा खाली शहरात उतरते. त्या वाटा मोकळ्या ठेवायच्या म्हणून उतारांवर बांधकामाला बंधनं आहेत. म्हणजे झाडाने गाळली नाही तरी टेकडी हवा हलवते, हा मुद्दा इथे कोणी घेतलाच नाही.

पण बंडूंच्या बाजूनेही एक. इथला नेकारटोर चौक हवेसाठी देशभर बदनाम होता, आणि त्याच्या शेजारीच भलीमोठी बाग आहे! २०१७ साली तिथे रस्त्याकडेला शंभर मीटर लांब शेवाळाची भिंत उभारली, धूळ खाईल म्हणून. शेवाळच वाळलं. २०१९च्या १ जानेवारीपासून जुन्या डिझेल गाड्यांना शहरबंदी झाली, तिचा रोख थेट धुराड्यावर होता.

येऊरवाली

म्हणजे दोन्ही करा की! जंगल ठेवा आणि गाड्याही आवरा. भांडण कशावर चाललंय?

भांडुपचा_बंडू

ताई, लोक एकच करतात, म्हणून. गाडी काढायची आणि ‘पार्क आहे ना’ म्हणायचं. दिल्लीत अरवलीचा जंगली डोंगरकणा, रिज, शहराच्या मधोमध आहे, विलायती कीकरने, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीने भरलेला. तिथली नोव्हेंबरची हवा सांगायला नको.

जमाखर्च, तुमचं म्हणणं मान्य. पण ते जंगलाबद्दल नाही, न बांधलेल्या जमिनीबद्दल आहे. मग मिठागरांनाही तोच न्याय लावा. तिथे एक झाड नाही म्हणून कोणी फुप्फुस म्हणत नाही, नि मोर्चा काढणारेही थोडेच.

जमाखर्च

मिठागरांचं बरोबर आहे. तिथे मी कमी पडलो.

येऊरवाली

नुसतं बोलून काय? जानेवारीतला पहिला रविवार, सकाळी सात, येऊरचं गेट. हातातला मीटर कोणाकडे आहे?

भांडुपचा_बंडू

एक माझ्याकडे आहे. पण दोन लागतील. एक खाली घोडबंदरला, एक वर जंगलात, एकाच वेळी. आणि वारा कुठून येतोय तेही लिहून ठेवायचं, नाहीतर पुन्हा हाच वाद.

पत्रावळी

दुसरा माझ्याकडे आहे. खालचा मी धरतो, मला चढवत नाही.