सावलीवरून पृथ्वीचा परीघ मोजण्यासाठी मदत हवी आहे

पुण्यात नववीच्या विद्यार्थ्यांकडून प्राचीन ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसचा प्रयोग (दोन गावांतल्या दुपारच्या सावल्यांच्या कोनांतील फरकावरून पृथ्वीचा परीघ काढणे) करून घ्यायचा आहे. शून्य सावलीचे दिवस (दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो ते) मेच्या सुट्टीत आणि जुलैअखेरच्या ढगांत वाया जातात, म्हणून 22 डिसेंबरची दुपार (साधारण 12:33) ठरवली आहे. ओळंब्याने उभ्या केलेल्या एक मीटर काठीची सावली मोजून पाहिली. परंतु तिचे टोक इतके पुसट पडते की दोन मुलांच्या खुणांत सेंटिमीटरभर अंतर राहते, आणि नाशिकच्या शाळेशी तुलना केल्यास अक्षांशांतला फरक जेमतेम दीड अंश असल्याने तेवढी चूक उत्तराचा पार विचका करते. मोबाइल अ‍ॅप नको; मोजणी मुलांनीच करावी. पुसट सावलीऐवजी सूर्याचा ठिपका मिळावा म्हणून काठीच्या टोकावर छिद्राची चकती लावायची झाल्यास छिद्र किती मिलिमीटरचे असावे, आणि उदयपूर किंवा अमृतसरकडील एखादी शाळा त्याच दिवशी मोजमाप देऊ शकेल का?