दिवाळी कार्यक्रम (निशि-कासाई, तोक्यो): ‘व्होकॅलॉइड’ घ्यायचं की नाही? – शनिवार रात्रीची ग्रुपवरची चर्चा

कुलकर्णी वहिनी: आत्ता कार्यक्रमपत्रिका पाहिली. भावगीतांना १० मिनिटं आणि शेवटी ‘जुनी व्होकॅलॉइड गाणी – २० मिनिटं’? हे कधी ठरलं? मीटिंगला मी होते.

अमेय: वहिनी, ‘तरुणांसाठी काहीतरी घ्या’ एवढं ठरलं होतं. व्होकॅलॉइड म्हणजे कॉम्प्युटरच्या आवाजात गायलेली गाणी. सायलीने यादी दिली, मी टाकली. रागावू नका.

कुलकर्णी वहिनी: रागावत नाहीये. विचारतेय.

मंदार (हिशेब): नमस्कार मंडळी 🙏 हॉलचे प्रत्येक घरी १,००० येन. बऱ्याच घरांचे यायचे आहेत.

जोशी काका: माझा मुद्दा एवढाच. गाणाऱ्याला श्वास लागतो. कॉम्प्युटरला लागत नाही. दिवाळीत लेकरांना ते गाणं म्हणून ऐकवायचं?

पाटील ३०२: गेल्या वर्षी लावणीवरसुद्धा एवढं झालं नव्हतं 😄

कुलकर्णी वहिनी: लावणीचा विषय नको. खालच्या आजींची माफी मागायला कोण गेलं होतं, सगळ्यांना माहीत आहे.

पाटील ३०२: मिठाईचा डबा माझा होता वहिनी.

सायली: काका, जरा लांबलचक लिहिते, कारण ही माझी लहानपणची गाणी आहेत. बाबांमुळे इथे आलो तेव्हा मला जपानी अजिबात येत नव्हतं. वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत जे गुणगुणायच्या ते मी घरी येऊन शोधायचे, अर्थ न कळता पाठ करायचे. कराओकेला मला पहिल्यांदा नेलं ते त्या पाठांतरामुळेच. आणि आवाज माणसाचाच आहे हो. फुजिता साकी या अभिनेत्रीने सुटे उच्चार रेकॉर्ड करून दिले, सप्पोरोच्या क्रिप्टन कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ ला ‘हात्सुने मिकू’ हे गाणारं सॉफ्टवेअर बाजारात आणलं. आतलं तंत्र यामाहाचं. पुढचं सगळं गाणं करणाऱ्याच्या हातात. स्वर मांडायचे, खाली शब्द भरायचे, मग कुठे आवाज दाबायचा, कुठे कंप, कुठे हवा जास्त, हे एकेका अक्षरावर बसून जुळवायचं. ज्याच्याकडे गायिका नाही, स्टुडिओ नाही, असा मुलगा घरच्या खोलीत बसून हे करायचा.

जोशी काका: जुळवलेलाच ना श्वास.

सायली: हो. पण रात्र जागून कोणीतरी जुळवलेला.

अमेय: मी तेव्हा सेंदाईला शिकत होतो. निकोनिको या व्हिडिओ साइटवर व्हिडिओवरूनच लोकांच्या कॉमेंट धावायच्या, कधीकधी चित्रच दिसायचं नाही. मिकूचं ‘मेल्ट’ हे गाणं आलं डिसेंबर २००७ मध्ये. त्यानंतर लोक स्वतः गाऊन टाकायला लागले आणि तिथली लोकप्रिय व्हिडिओंची यादी वरपासून खालपर्यंत ‘मेल्ट’ने भरली.

पाटील ३०२: मला ती कांद्याची पात फिरवणारी मुलगी आठवते फक्त.

सायली: तीच मिकू, त्या सॉफ्टवेअरची चित्रातली मुलगी. गाणं फिनलंडचं आहे, ‘इएव्हान पोल्का’. आणि पात नाही, नेगी, इथला तो लांब जाड कांदा.

देसाई काकू: नेगी स्टेशनजवळ १९८ झाली. मागच्या गल्लीत १५८.

कुलकर्णी वहिनी: मागच्या गल्लीतली सुकलेली असते.

देसाई काकू: आम्हाला तर कधी सुकलेली मिळाली नाही.

मंदार (हिशेब): हॉलचे प्रत्येक घरी १,००० येन 🙏

जोशी काका: विषयावर या. गाणाऱ्याला श्वास लागतो.

सायली: काका, नेमकं त्यावरच एक गाणं आहे, ‘हात्सुने मिकूचं लुप्त होणं’. मिकू पुसली जातेय आणि जायच्या आधी सगळं सांगून टाकायचं म्हणून सुसाट सुटलीय. श्वासाला जागाच ठेवलेली नाही. गाणं करणाऱ्या कोस्मोने तिचं व्यंग लपवलं नाही, त्याचीच गोष्ट केली. मला अजून ते ऐकताना गलबलतं.

जोशी काका: जलद तान आम्हीही ऐकली आहे. तिच्यात दमसासाची मेहनत असते.

नेहा: काका, आजचा प्रसिद्ध गायक योनेझु केन्शी पण आधी ‘हाचि’ नावाने मिकूसाठीच गाणी करायचा. ‘मात्र्योश्का’, २०१०. आणि आई त्याचं ‘लेमन’ लागलं की रडते.

कुलकर्णी वहिनी: नेहा, ‘लेमन’ वेगळं. ते तो स्वतः गातो. आणि तू अजून जागी का आहेस?

सायली: वहिनी, एक विनंती. बाकी काहीही कापा, ‘रोलिंग गर्ल’ राहू द्या. वोवाकाचं आहे, २०१० चं. सारखी पडणारी आणि ‘अजून एकदा’ म्हणत उठणारी मुलगी आहे त्यात. शाळेत माझे वाईट दिवस होते तेव्हा मी तेवढं एकच ऐकायचे. वोवाका एप्रिल २०१९ मध्ये गेला, ३१ वर्षांचा होता. मी तोझाई लाईनमध्ये बातमी वाचली आणि माझं स्टेशन निघून गेलं. ते गाणं त्याने मिकूला दिलं होतं, म्हणून तिच्याच आवाजात हवंय.

पाटील ३०२: 🙏

देसाई काकू: मी ३१ डिसेंबरचा टीव्हीवरचा गाण्यांचा कार्यक्रम, कोहाकू, दर वर्षी बघते. २०१५ ला कोबायाशी साचिकोबाईंनी मिकूचं ‘सेनबोनझाकुरा’ म्हटलं होतं. एन्का, म्हणजे जुन्या वळणाची जपानी गाणी, गाणारी एवढी ज्येष्ठ बाई! मला तोवर ते मुलांचं कार्टूनचं गाणं वाटायचं.

जोशी काका: म्हटलं ना? माणसाने म्हटलं. माझा मुद्दा तोच आहे.

अमेय: काका, मग संगीतकार तोमिता इसाओंचं काय? २०१२ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ‘इहातोव सिंफनी’. तोक्यो ऑपेरा सिटीत अख्खा वाद्यवृंद, कोरस, कवी मियाझावा केन्जींचे शब्द आणि मिकू एकल गायिका. लय कंडक्टरची, मिकूने त्याच्या हाताबरोबर चालायचं, अशी व्यवस्था मुद्दाम करून घेतली होती.

जोशी काका: तोमिता मला माहीत आहेत. पुण्याच्या घरी त्यांची देब्युसीची रेकॉर्ड होती माझ्याकडे.

पाटील ३०२: सिंथेसायझरवरची ना काका? 😄

जोशी काका: त्यात कोणी गात नव्हतं.

मंदार (हिशेब): हॉलचे प्रत्येक घरी १,००० येन. पाटील, तुमचेही.

पाटील ३०२: मिठाईच्या डब्यातून वळते करा.

अमेय: असं करू. २० ची १२ मिनिटं. ‘रोलिंग गर्ल’ मिकूच्या आवाजात. ‘मेल्ट’ आणि ‘सेनबोनझाकुरा’ सायली आणि नेहा स्वतः गातील. वाचलेली ८ मिनिटं भावगीतांना.

कुलकर्णी वहिनी: हे मीटिंगमध्येच झालं असतं. असो. नेहाची परीक्षा आहे, तिला एकच गाणं.

जोशी काका: मशीनच्या गाण्याला मी बाहेर जाऊन चहा घेईन. कोणी वाईट वाटून घेऊ नये.

सायली: नाही वाटणार काका. पण ‘सेनबोनझाकुरा’ला पेटीवर तुम्ही हवे आहात.

जोशी काका: पट्टी कुठली?

सायली: मला काळी पाच बरी पडते.

जोशी काका: उद्या ११ ला या. मूळ गाणं आज पाठवून ठेवा. सुरावट काढायला ऐकावं लागेल.

कुलकर्णी वहिनी: सराव आमच्या डोक्यावरच होणार. रात्री ८ नंतर पेटी नको, एवढंच. कोणाला उद्देशून नाही.